मेकॅनिकल इंजिनिअर ते अंतराळवीर: रस्ता नेमका कुठून जातो

तुझा प्रश्न असा आहे की तू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, अंतराळवीर व्हायचंय, पायलट नाहीस, चष्मा आहे, आणि आता एरोस्पेसमध्ये मास्टर्स करावं की आहे त्याच ब्रांचमध्ये पुढे जावं हे ठरत नाहीये. मी स्वतः अंतराळात गेलेलो नाही, पण बरीच वर्षं अवकाशयानांच्या हार्डवेअरच्या टेस्टिंगमध्ये काम करतोय, म्हणजे जी उपकरणं वर जाणार ती जमिनीवर गरम-थंड करून, हादरवून, व्हॅक्युममध्ये ठेवून तपासायची हेच रोजचं काम, त्यामुळे कुठल्या प्रकारचे इंजिनिअर या वाटेवर टिकतात हे जवळून बघायला मिळालंय. उत्तर लांबेल, पण या प्रश्नावर दोन ओळींत सांगितलेलं काहीही तुझ्या कामाचं नाही.

सगळ्यात आधी ब्रांच नाही, चष्मा नाही, पासपोर्ट. हे कुणी मुलांना वेळेवर सांगत नाही आणि मग पाच-सात वर्षांनी गाडं तिथेच अडतं. नासाला अर्ज करायचा तर अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डही चालत नाही. युरोपियन स्पेस एजन्सीला (ईएसए) सदस्य किंवा सहयोगी देशाचं नागरिकत्व लागतं, जपानच्या जाक्साला जपानचं. आणि भारताचं नागरिकत्व ठेवून दुसऱ्या देशाचं घेता येत नाही, म्हणजे तिकडचा रस्ता धरायचा तर कधीतरी हा पासपोर्ट परत करावा लागणार, हा निर्णय भावनेचा आहे, घरच्यांचा आहे, तो नीट विचार करून घे, वाहवत जाऊन घेऊ नकोस.

कल्पना चावलांचं उदाहरण सगळे देतात पण त्यातल्या तारखा कुणी नीट बघत नाही. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजमधून एरोनॉटिकलची डिग्री १९८२ साली, टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन कॅम्पसमधून मास्टर्स १९८४ ला, कोलोरॅडोतून पीएचडी १९८८ ला, मग नासाच्या एम्स सेंटरमध्ये विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहावर काँप्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्सचं काम, १९९१ ला नागरिकत्व, १९९४ च्या डिसेंबरमध्ये निवड आणि पहिलं उड्डाण १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये. म्हणजे इंजिनिअरिंगची डिग्री हातात आल्यापासून अंतराळात जाईपर्यंत पंधरा वर्षं, आणि हे सगळं तसं वेगाने झालेलं उदाहरण आहे! या पंधरा वर्षांत त्या विमान आणि ग्लायडर चालवायला शिकल्या, एवढंच नाही तर दोन्ही शिकवण्याचं इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेटही मिळवलं.

दुसरी एक गोष्ट जी तिकडे एमएसला गेलेल्या कित्येक मुलांना नोकरीचे अर्ज करताना कळते. अमेरिकेत रॉकेट आणि उपग्रहांचं तंत्रज्ञान निर्यात-नियंत्रणाच्या नियमांखाली येतं, आयटार म्हणतात त्याला, त्यामुळे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर तिथल्या बहुतेक रॉकेट कंपन्या घेतच नाहीत, मार्क कितीही असू देत. एरोस्पेसचं महागडं मास्टर्स करून हातात फक्त स्टुडंट व्हिसा अशी अवस्था मी बघितलेली आहे. म्हणून तिकडे जायचंच असेल तर विषय असा निवड की ज्यात स्पेसबाहेरही नोकरी मिळेल: कंट्रोल्स, थर्मल, रोबोटिक्स, मटेरियल्स, बॅटरी, मेडिकल डिव्हाइस. तिथे काम करत राहायचं, कागदपत्रं होतील तेव्हा वळायचं.

आता भारतातली बाजू. गगनयानसाठी निवडलेले चौघेही, प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला, हवाई दलाचे टेस्ट पायलट आहेत. हे बघून तुझ्यासारख्या इंजिनिअर मुलींना वाटतं की आपल्याला दारच नाही. पण जरा इतिहास बघ. अमेरिकेने १९५९ ला पहिले सात अंतराळवीर निवडले ते सगळेच लष्करी टेस्ट पायलट होते, कारण यान नवीन, काय बिघडेल माहीत नाही, अशा वेळी न तपासलेलं यंत्र हाताळायची सवय असलेला माणूस लागतो. १९६५ ला पहिल्यांदा शास्त्रज्ञ घेतले, आणि स्पेस शटल हे पुन्हा वापरता येणारं यान यायच्या तोंडावर १९७८ ला ३५ जणांची बॅच आली तिच्यात मिशन स्पेशालिस्ट म्हणून, म्हणजे यान चालवायला नाही तर वरची तांत्रिक कामं करायला, इंजिनिअर, डॉक्टर, शास्त्रज्ञ असे कितीतरी होते आणि पहिल्यांदाच सहा बायका होत्या, त्यातल्या ज्युडिथ रेझनिक इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सोव्हिएत रशियाने तर त्याही आधी, १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये वोस्खोद-१ मधून कॉन्स्टंटिन फिओक्तिस्तोव्ह यांना पाठवलं, ते यानाच्या डिझाइनवर काम करणारे इंजिनिअर होते. स्वतः डिझाइन केलेल्या यानातून जाणं, याहून मोठं भाग्य इंजिनिअरला काय असणार!

आणि आपल्याकडेही हे अगदीच नवीन नाही. १९८५ साली इस्रोच्या एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन यांची अमेरिकेच्या शटलमधून जाण्यासाठी निवड झाली होती, इन्सॅट-१सी उपग्रह सोडण्याच्या मोहिमेत त्यांच्यापैकी एकजण जाणार होता. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर शटलचा अपघात झाला आणि ती मोहीमच रद्द झाली. तो अपघात झाला नसता तर राकेश शर्मांनंतर वर जाणारा दुसरा भारतीय नागरिक इस्रोचा तांत्रिक माणूस असता, हे आज फार कमी लोकांना माहीत आहे आणि मला ते फार लागतं.

२०३५ पर्यंत भारतीय अंतरिक्ष स्थानक उभं करायचं लक्ष्य जाहीर झालेलं आहे. तारखा पुढेमागे होतात, ते धरून चाल, पण स्थानक म्हटलं की ते चालवायला, दुरुस्त करायला, तिथे प्रयोग करायला माणसं लागणार आणि ती सगळी फायटर पायलट असतील असं मला अजिबात वाटत नाही. तू तेव्हा तिशीच्या आसपास असशील. नासाने निवडलेल्या लोकांचं सरासरी वय चौतीसच्या आसपास राहिलेलं आहे, म्हणजे तुझी वेळ चुकीची नाही, उलट बरोबर जुळतेय.

तोपर्यंत इथे दोन वाटा आहेत. एक म्हणजे इंजिनिअरिंगनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेशपरीक्षा देऊन त्यांच्या फ्लाइंग ब्रांचला जायचं, वयाची अट २० ते २४ आणि डोळ्यांचे निकष कडक, चष्मा असेल तर नंबर बघूनच विचार कर. शुक्लांची वाट अशीच उड्डाणाची, एनडीए, फायटर, टेस्ट पायलट आणि मधे बेंगळुरूच्या आयआयएस्सीतून एरोस्पेसमध्ये एमटेक, आणि २०२५ च्या जूनमध्ये अ‍ॅक्सिअम-४ या खाजगी मोहिमेचे पायलट म्हणून स्पेस स्टेशनवर. टेस्ट पायलट असूनही एमटेक केलंय हे लक्षात घे. दुसरी वाट इस्रोची, सायंटिस्ट/इंजिनिअर एससी (एससी हे पदाच्या श्रेणीचं नाव) या पदासाठी त्यांची भरती परीक्षा असते, बीई-बीटेकला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीए लागतो, मग लेखी आणि इंटरव्ह्यू. बेंगळुरूला ह्युमन स्पेस फ्लाइट सेंटर २०१९ पासून आहे, तिथे किंवा तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई सेंटरमध्ये क्रू मॉड्यूल, लाइफ सपोर्ट, रिकव्हरी असली कामं चालतात. पोस्टिंग आपल्या हातात नसतं, पण आत असणं आणि बाहेरून बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हवाई दलात एक तिसरी छोटी पायवाटही आहे, फ्लाइट टेस्ट इंजिनिअर, म्हणजे टेस्ट पायलटबरोबर विमानाच्या चाचण्या आखणारा आणि डेटा वाचणारा इंजिनिअर. फार कुणाला माहीत नसते पण स्वभावाने ती या कामाच्या सगळ्यात जवळची आहे.

ब्रांचचं आता पटकन सांगतो कारण त्यात दम नाही. मेकॅनिकलच ठेव. नासाला इंजिनिअरिंग, बायोलॉजी, फिजिकल सायन्स, कॉम्प्युटर सायन्स, मॅथ्स यातलं मास्टर्स आणि त्यानंतर किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, किंवा त्याऐवजी पायलट-इन-कमांड म्हणून १००० तास आणि त्यातले बहुतेक जेट विमानावरचे. पायलट असणं हा पर्याय आहे, सक्ती नाही. फक्त एक, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी नावाच्या ज्या डिग्र्या असतात त्या ते धरत नाहीत, त्यामुळे तिकडचा कोर्स घेताना डिग्रीचं नाव नीट वाच. पीएचडी चालते, सक्तीची नाही. ईएसएला मास्टर्स आणि तीन वर्षांचा अनुभव. जाक्साने तर २०२१ च्या भरतीत डिग्रीची अटच काढून टाकली, चार हजारांवर अर्ज आले आणि दोघांना घेतलं, एक सर्जन आणि एक वर्ल्ड बँकेत काम करणारे. आणि अंतराळवीर झालेल्या इंजिनिअर्समध्ये बघ, माइक मॅसिमिनो मेकॅनिकलचे, डॉन पेटिट केमिकलचे, क्रिस्टिना कॉक इलेक्ट्रिकलच्या, जपानचे कोइची वाकाता विमान कंपनीत स्ट्रक्चरचं काम बघत होते. एरोस्पेस हा शब्द डिग्रीवर असल्याने कुणाची निवड होत नाही.

मग निवड कशावर होते, इथे खरी गोष्ट आहे आणि इथेच मला जास्त लिहायचंय.

स्पेस स्टेशनवर अंतराळवीराचा दिवस कसा जातो ते बघ. प्रयोग असतात, व्यायाम असतो, पण केवढा तरी वेळ मेंटेनन्समध्ये जातो. पंखा बंद पडला, फिल्टर बदलायचाय, टॉयलेटचा पंप गेला, लघवीपासून पिण्याचं पाणी करणारी यंत्रणा अडकली. स्टेशनच्या पाणी परत मिळवणाऱ्या सगळ्या यंत्रणेने मिळून २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला, पण ती चालू ठेवायला कुणाला तरी पाना घेऊन तिच्यात हात घालावाच लागतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये क्रिस्टिना कॉक आणि जेसिका मीर यांनी फक्त बायकांचा पहिला स्पेसवॉक, म्हणजे यानाबाहेर पडून काम, केला म्हणून जगभर बातमी झाली, पण त्या बाहेर कशाला गेल्या होत्या हे विचार कुणालाही. बॅटरी चार्ज-डिस्चार्ज करणारं एक युनिट बंद पडलं होतं, ते काढून दुसरं बसवायला गेल्या होत्या, सात तासांहून जास्त वेळ. थोडक्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, फक्त जागा चारशे किलोमीटर वर.

किंवा २००९ चं हबल दुर्बिणीचं घे. मॅसिमिनो एका स्पेक्ट्रोग्राफच्या, म्हणजे प्रकाशाचं पृथक्करण करणाऱ्या उपकरणाच्या, आतलं पॉवर सप्लायचं कार्ड बदलायला गेले, ते उपकरण अंतराळात उघडायचं म्हणून बनवलेलंच नव्हतं, कव्हरवर १११ बारीक स्क्रू. ते स्क्रू तरंगत जाऊ नयेत म्हणून खास प्लेट बनवलेली, सगळ्याची तयारी केलेली. आणि अडलं कुठे, तर त्याच्याही आधी काढायच्या एका साध्या हँडरेलच्या बोल्टपाशी, बोल्टचं डोकं घासलं गेलं आणि तो फिरेना. जमिनीवरच्या इंजिनिअर्सनी तसंच हँडल घेऊन ते तोडायला किती जोर लागेल हे मोजून बघितलं, तुकडे उडू नयेत म्हणून टेप लावायला सांगितलं, आणि मॅसिमिनोंनी हाताने हिसका देऊन ते तोडलं. मग पुढचे १११ स्क्रू. यात किती गोष्टी आहेत बघ, हाताला असलेली टॉर्कची म्हणजे पिळायच्या जोराची जाण, डोकं शांत ठेवणं, खालच्यांना नेमकं काय दिसतंय ते शब्दांत सांगणं आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणं. कॉलेजच्या मार्कशीटवर यातलं काहीही दिसत नाही.

आमच्याकडचं एक सांगतो. थर्मोव्हॅक म्हणजे मोठ्या चेंबरमधली सगळी हवा काढून उपकरण कधी तापवायचं कधी गोठवायचं, दिवसरात्र चालतं, शिफ्ट असतात. एकदा रात्रीच्या शिफ्टला एक वाल्व्ह कंट्रोलरचा बॉक्स गरम टप्प्यावर होता, सगळी तापमानं स्थिर झाल्यासारखी दिसत होती, शेड्यूल मागे पडलेलं, पुढच्या टप्प्यावर जायची सगळ्यांनाच घाई. शिफ्टमधली सगळ्यात ज्युनिअर इंजिनिअर म्हणाली, हा सात नंबरचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) मला बरोबर वाटत नाही, तो बॉक्सबरोबर हलत नाहीये, चेंबरच्या भिंतीबरोबर हलतोय, होल्ड करूया. कारण काय हे तिला तेव्हा सांगता आलं नाही, पण आलेख मागे नेऊन तिने दाखवलं, लॉगमध्ये वेळ टाकून लिहिलं आणि सिनिअरना उठवलं. नंतर उघडलं तर त्या सेन्सरवरची कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सहन करणारी चिकटपट्टी, सुटलेली. व्हॅक्युममध्ये हवा नसते ना, त्यामुळे सुटलेला सेन्सर बॉक्सचं तापमान सांगतच नाही, समोरच्या भिंतीचं सांगायला लागतो, आणि आपण त्या आकड्यावर भरवसा ठेवून बॉक्स मर्यादेपलीकडे तापवून बसतो. ती मुलगी मार्कांनी साधारण होती. पण मला विचारलं की यातल्या कुणाबरोबर सहा महिने बंद डब्यात राहशील तर मी डोळे झाकून तिचं नाव सांगेन. नासा, ईएसए निवड करताना जे शोधतात ते हेच, त्याला ते ऑपरेशनल अनुभव म्हणतात, म्हणजे जिथे चुकीला किंमत आहे अशा ठिकाणी, टीममध्ये, वेळेच्या दबावाखाली तू निर्णय घेतलेस का.

क्रिस्टिना कॉक यांचा बायोडाटा म्हणूनच नीट अभ्यासण्यासारखा आहे. इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स, नासाच्या गोडार्ड सेंटरमध्ये उपग्रहांवरच्या उपकरणांचं काम, इथपर्यंत हजारो जणांचं असतं. मग त्या अंटार्क्टिकाला गेल्या, दक्षिण ध्रुवावरच्या स्टेशनवर हिवाळा काढला, जिथे कित्येक महिने सूर्य नाही आणि विमान येऊ शकत नाही, तिथल्या आग विझवणाऱ्या आणि शोध-बचाव टीममध्ये काम केलं. परत येऊन पुन्हा उपकरणं बनवली, पुन्हा दूरच्या स्टेशनांवर गेल्या, अलास्का, अमेरिकन सामोआ. २०१३ ला निवड झाली आणि पहिल्याच मोहिमेत ३२८ दिवस अंतराळात राहिल्या. लॅब आणि फील्ड, लॅब आणि फील्ड असं आलटून पालटून. तुला नक्कल करायचीच असेल तर या पॅटर्नची कर.

म्हणून पहिली नोकरी निवडताना माझा सल्ला असा की फक्त स्क्रीनसमोर बसून अ‍ॅनालिसिस करायची नोकरी असेल तर ती दोन-तीन वर्षांवर ताणू नकोस. टेस्टिंग, कमिशनिंग, फील्ड सर्व्हिस, फ्लाइट टेस्ट, जहाज, ऑफशोअर प्लॅटफॉर्म, पॉवर प्लांट, ध्रुवीय संशोधन, ऑपरेशन थिएटरमधली उपकरणं, यातलं काहीही चालेल, जिथे यंत्र खरं आहे आणि बंद पडलं तर लोक तुझ्याकडे बघणार आहेत. अ‍ॅनालिसिस यायलाच हवं, ते नको असं म्हणत नाही, पण नुसतंच ते करत राहिलं तर उंटावरून शेळ्या हाकल्यासारखं होतं, बोल्ट किती घट्ट म्हणजे घट्ट हे हाताला कधी कळतच नाही.

आकडेही डोळ्यांसमोर ठेव, घाबरवायला नाही, आयुष्याचं प्लॅनिंग करायला. नासाच्या २०१७ च्या बॅचला १८,३०० अर्ज, १२ निवडले. २०२१ च्या बॅचला १२ हजारांवर अर्ज, १० निवडले. २०२५ ला आठ हजारांवर अर्ज, पुन्हा १०. ईएसएच्या २०२१ च्या भरतीत साडेबावीस हजार अर्ज आणि १७ नावं, त्यातले पूर्णवेळ पाचच, बाकी बहुतेक राखीव यादीत. नासा साधारण चार वर्षांनी भरती काढते, ईएसएच्या तर आधीच्या आणि या बॅचमध्ये तेरा वर्षांचं अंतर होतं. म्हणजे तीस ते पंचेचाळीस वयात तुला फार तर तीन-चार संधी मिळणार, आणि त्या तुझ्या सोयीने येणार नाहीत. म्हणून कायम अर्ज करण्याच्या स्थितीत असायचं, भरती निघाल्यावर तयारी सुरू केली तर उशीर झालेला असतो.

नकार आला की संपलं असंही नसतं. होजे हर्नांडेझ, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, अकरा वेळा नाकारले गेले, बाराव्या वेळी २००४ ला घेतलं. मधल्या काळात ते निवडलेल्या लोकांकडे काय आहे आणि आपल्याकडे काय नाही हे बघत गेले, विमान चालवायला शिकले, स्कूबा शिकले, रशियन शिकले. क्लेटन अँडरसन नासातच इंजिनिअर होते, तरी पंधराव्या अर्जाला निवड. फक्त एक लक्षात घे, हर्नांडेझ यांचं मूळ काम चालूच होतं, स्तनांच्या कॅन्सरच्या निदानासाठी डिजिटल इमेजिंगवर त्यांनी केलेलं काम स्वतःच्या जोरावर मोलाचं होतं. छंदांची यादी भरून मूळ काम पोकळ असेल तर मुलाखतीत दहा मिनिटांत उघडं पडतं, समोर बसलेले स्वतः अंतराळवीर असतात.

स्कूबा मात्र खरंच शिक. ह्यूस्टनला स्पेसवॉकच्या सरावासाठी जो तलाव आहे तो ६२ लाख गॅलनचा, चाळीस फूट खोल, त्यात स्टेशनचे खऱ्या मापाचे भाग बुडवून ठेवलेत आणि सूट घालून सहा-सहा तास काम करायचं असतं. सूट आतल्या दाबाने फुगलेला असतो, बाहेर व्हॅक्युम असताना हा दाब साधारण ४.३ पीएसआय (दर चौरस इंचावर ४.३ पौंड), त्यामुळे हातमोजा सतत उघडा व्हायला बघतो आणि प्रत्येक वेळी मूठ मिटताना त्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो, तासाभरात बोटं भरून येतात, नखं दुखावतात. अंगापेक्षा पंजा आणि मनगटाची ताकद आणि घाई न करायची सवय जास्त लागते. पाण्याखाली शांत राहता येतं का, हे स्वतःचं स्वतःला कळणंही महत्त्वाचं.

चष्म्याचं. काळजी करू नकोस. नासाला चष्म्याने किंवा लेन्सने दृष्टी पूर्ण सुधारत असेल तर चालतं, लेसिक आणि पीआरके या लेसर सर्जरीही चालतात, फक्त सर्जरीनंतर वर्ष उलटलेलं असावं लागतं. मॅसिमिनोंना एकदा डोळ्यांवरूनच नाकारलं होतं, तेव्हाचे नियम वेगळे होते. आत्ता घाईने सर्जरी करू नकोस, हवाई दलाचा विचार असेल तर त्यांचे नियम वेगळे आहेत, आधी ते तपास. बाकी मेडिकलमध्ये माणसं अडकतात ती भलत्याच गोष्टींवर, मुतखडा, हृदयाचे ठोके, रक्तदाब, ज्याची स्वतःला कल्पनाही नसते. उंची साधारण १५८ ते १९० सेंटिमीटर, कारण सूट आणि सीट. वर्षातून एकदा चेकअप, नियमित व्यायाम, पाणी भरपूर, आणि रिपोर्ट जपून ठेवायचे, यापलीकडे तुझ्या हातात काही नाही.

निवड झाल्यावर लगेच वर जाता येत नाही हेही माहीत असू दे. दोन वर्षं ट्रेनिंग, स्टेशनच्या यंत्रणा, रोबोटिक आर्म, स्पेसवॉक, टी-३८ जेट, रशियन भाषा, जंगलात-बर्फात तग धरणं. मग वर्षानुवर्षं जमिनीवरची कामं, नवीन यानाच्या डिझाइनवर क्रूच्या बाजूने मत देणं, कंट्रोल रूममधून वरच्यांशी बोलणं. कॅनडाचे जेरेमी हॅन्सन २००९ ला निवडले गेले आणि त्यांचं नाव मोहिमेसाठी आलं ते २०२३ ला, चंद्राकडे जाणाऱ्या आर्टेमिस-२ साठी. चौदा वर्षं! ज्याला दुसऱ्याचं उड्डाण यशस्वी करण्यात आनंद वाटत नाही त्याला ही वर्षं काढणं फार कठीण जाईल.

खाजगी क्षेत्रामुळे आता एक नवी वाट झाली आहे. सारा गिलिस कोलोरॅडोतून एरोस्पेस शिकताना स्पेसएक्सला इंटर्न म्हणून लागल्या, पुढे अंतराळवीरांना ड्रॅगन यानाचं ट्रेनिंग देणं हे त्यांचं काम झालं, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पोलारिस डॉन मोहिमेत त्या स्वतः गेल्या, स्पेसवॉकही केला. त्याच यानात कंपनीच्या दुसऱ्या इंजिनिअर अ‍ॅना मेनन होत्या, आणि २०२५ च्या नासाच्या बॅचमध्ये त्यांचं नाव आहे. म्हणजे ट्रेनिंग, मिशन ऑपरेशन्स, फ्लाइट कंट्रोल या विभागांतून आत जाता येतं. आपल्याकडेही गगनयानसाठी अशी माणसं लागणारच आहेत, त्यामुळे इस्रोत डिझाइनबरोबर ऑपरेशन्सची संधी आली तर ती कमी समजू नकोस.

घरचे विचारत असतील की असलं ध्येय धरून पोट कसं भरणार, तर त्यांना सांग की मधली सगळी पायरी-पायरी म्हणजे चांगल्या पगाराच्या इंजिनिअरिंगच्या नोकऱ्याच आहेत. टेस्ट इंजिनिअर, सिस्टिम्स इंजिनिअर, फ्लाइट कंट्रोलर यांना कुठेही मागणी असते. मला तर हेच काम करताना कधी दुसरं काही करावंसं वाटलं नाही.

आता तुझं हे वर्ष. फायनल इयर प्रोजेक्ट नुसतं सिम्युलेशनचं घेऊ नकोस. कॉलेजात विद्यार्थ्यांचा उपग्रह, रॉकेट किंवा रेसिंग कारची टीम असेल तर तिच्यात जा, आणि तिथे डिझाइनसाठी सगळे भांडत असतात तेव्हा तू टेस्टिंगची जबाबदारी माग, ती कुणाला नको असते. लेथवर उभी राहा, सोल्डरिंग शिक, टॉर्क रेंच वापरायला शिक. प्रत्येक टेस्टची प्रोसिजर आधी लिहून काढ, इतकी स्पष्ट की तुझ्या जागी दुसरी कुणी आली तरी तिला ती तुला न विचारता करता यावी, आणि जे झालं ते जसंच्या तसं लॉगमध्ये, बिघडलं असेल तर तेही, वेळेसकट. प्रोजेक्टचा विषय ठरला की इथेच लिही, सोबत पहिली टेस्ट प्रोसिजर जोड, कच्ची असली तरी चालेल, मी वाचून कुठे काय राहिलंय ते सांगतो.